हॉर्निमन सर्कलला जाण्याआधी

प्रिय बेटा,

तुमच्या बॅचची मुंबईची टूर ठरली आणि त्यात हर्मेस या उंची फ्रेंच ब्रँडचं हॉर्निमन सर्कलचं दुकान आहे, हे ऐकून फार आनंद झाला. घालू काय म्हणून विचारलंस. इस्त्रीचा साधा कुर्ता घाल, तेवढं पुरे. आणि दारातून आत जाताना संकोच करू नकोस. तू शिकायला चालली आहेस, तेवढा हक्क तुझा आहेच.

१८३७ साली पॅरिसमध्ये थिएरी हर्मेसने घोड्यांचा साज बनवायचं काम सुरू केलं, तिथून हे घराणं आलं. त्यांच्या बॅगांना आजही खोगिराचाच टाका असतो. मेण लावलेला एकच धागा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया समोरासमोरून एकाच छिद्रातून काढायच्या. आपल्या मशीनवर वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. यांचा एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. "जरा आतली बाजू दाखवाल का?" असं नम्रपणे विचार. त्यांचा रेशमी रुमालही दाखवायला सांग, ९० सेंटीमीटरचा चौरस, १९३७ पासून निघतो. त्याचा काठ हाताने वळून तुरपाई केलेली असते आणि वळण सुलट बाजूला येतं. कोपऱ्यावर ते कसं बसवलंय, तिथे थांब.

पण त्याआधी भंडाऱ्यापुढे मोहाडीला एक चक्कर मार. करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेली साडी, विणणाऱ्याच्या मागाजवळ बस. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात: दोन काठांचे, एक टसर रेशमाच्या अंगाचा. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो, तेव्हा कुठे ते करवतीचे दाते उमटतात. सगळं हाताने, त्यामुळे काम सावकाशच होतं.

आता मला खुपतं ते सांगते. नागपूरच्या इतवारीत दुकानदार भराभर साड्या उलगडतो, तीही कलाच आहे. पण काठ आणि अंग यांचा हा जोड गिऱ्हाइकाला कोणी बोट ठेवून दाखवत नाही. मग भावावरून घासाघीस होते आणि विणकराच्या मजुरीला कात्री लागते. हर्मेसच्या दुकानात मात्र एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवतात, तिच्याभोवती मोकळी जागा असते, उजेड नेमका टाक्यावर पडतो. हे दुकान २०११ साली उघडलं आणि त्याच वर्षी त्यांनी साड्याही काढल्या होत्या. साडीला असा मान देता येतो, मग आपल्या करवतकाठीला का देऊ नये?

फोटो काढू देतीलच असं नाही, वही-पेन्सिल ने. सीएसएमटीला उतरलीस की चालतच जा, जवळ आहे. किमती लिहीत बसू नकोस. दिवे कुठे आहेत, टेबल किती उंच आहे, विक्रेता पहिलं वाक्य काय बोलतो, ते टिप. आणि परतीच्या गाडीतच एक आराखडा काढ: आपल्याकडे दहा बाय बाराच्या दुकानात एकच करवतकाठी मांडायची, तर कशी मांडशील? रविवारी तो घेऊन घरी ये.

तुझी,
मॅडम