विक्कनला ‘चेटकीण’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘मी लीड्सला शिकते. माझ्यासोबत राहणारी मुलगी विक्कन आहे. आई सांगलीहून महिनाभर आली होती, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मैत्रिणीने टेबलावर आपल्या वारलेल्या आजीसाठी एक ताट मांडलं, मेणबत्ती लावली आणि अवाक्षर न बोलता जेवली. आईने विचारलं, ही नेमकी कोण? ती इंग्रजीत स्वतःला ‘विच’ म्हणते, म्हणून मी ‘चेटकीण’ म्हणून मोकळी झाले. त्या रात्री आई आतून कडी लावून झोपली. काय म्हणायला हवं होतं? आणि तिच्या सणांना आपल्या सणांची नावं दिली तर चालतात का?’

आईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो शब्द ऐकून मीही कडी लावली असती.

आधी लिहिण्याचं बघू. विक्कन लोकांच्या धर्माचं नाव इंग्रजीत ‘Wicca’. इंग्रजी उच्चारात ‘क’ एकच ऐकू येतो, पण मराठीत ‘विका’ लिहिलं की आपला डोळा लगेच विचारतो, काय विका? ‘विका धर्म’ तर फारच वाईट दिसतं. म्हणून जोडाक्षर घ्या: विक्का. मूळ शब्दातही ते अक्षर दुहेरीच आहे. मात्र जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘विच्चा’ असा होता आणि अर्थ होता जादूटोणा करणारा पुरुष. बाई असेल तर ‘विच्चे’. याच जोडीतून आजचा ‘विच’ आला. विसाव्या शतकात जुना शब्द पुस्तकातून उचलताना लोकांनी तो अक्षरांवरून वाचला, आणि ‘च्च’चा ‘क्क’ झाला. घरात रुळलेलं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं, तसं ‘विच’ आणि ‘विक्का’चं आहे. माणूस एकच.

आता प्रत्यय लावून पाहा. घोडा-घोड्याचा, सोडा-सोड्याचा, या चालीने ‘विक्क्याचा’ व्हायला हवं. अमेरिका-अमेरिकेचा ही चाल धरली तर ‘विक्केचा’. दोन्ही कानाला खडे लागतात. परके आकारान्त शब्द पुरते मुरल्याशिवाय मराठी त्यांना वाकवत नाही. सोडा मुरला म्हणून वाकला. व्हिसा अजून ताठ आहे, ‘व्हिशाचा अर्ज’ कुणी लिहीत नाही. विक्का व्हिसाच्या रांगेत आहे. ‘विक्काचे सण’, ‘विक्कात दीक्षा असते’ असं लिहा. फारच अडलं तर ‘विक्का धर्म’ म्हणा, म्हणजे प्रत्यय बिचारा ‘धर्मा’ला लागेल. माणसासाठी ‘विक्कन’, बाईलाही आणि पुरुषालाही. ‘विक्कनीण’ करू नका.

हा धर्म किती जुना, याचं उत्तर शब्द निवडताना लागतंच. जेराल्ड गार्डनर नावाचे इंग्रज गृहस्थ मलायात कस्टम्समध्ये नोकरीला होते. १९३६ साली निवृत्त झाले, मायदेशी परतले, आणि १९३९मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका गुप्त मंडळीत आपल्याला दीक्षा मिळाली, असं त्यांनी पुढे सांगितलं. इंग्लंडातला १७३५चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४मध्ये गार्डनर यांनी पुस्तक काढून ही गोष्ट उघड केली. ख्रिस्तपूर्व काळापासून लपून चालत आलेला धर्म, हा त्यांचा दावा. इतिहासकार तो मानत नाहीत. म्हणजे शब्द हजार वर्षांचा आणि धर्म आपल्या आजोबांच्या वयाचा. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १३,००० लोकांनी धर्म म्हणून ‘विक्का’ लिहिलं, तर ‘पेगन’ (अशा निसर्गपूजक पंथांचं व्यापक नाव) लिहिणारे सुमारे ७४,००० होते.

आता मूळ मुद्दा, ‘चेटकीण’.

मराठीत चेटकिणी दोन आहेत. एक बालनाट्यातली: लांब नाक, खराटा, खी-खी हसणं, आणि शेवटी फजिती. मुलं तिला घाबरतात आणि मध्यंतरात तिच्याचबद्दल बोलतात. दुसरी गावातली. ही खरी बाई असते. बहुतेक वेळा विधवा किंवा एकटी. कुणाचं जनावर मेलं, कुणाचं पोर तापलं की बोट तिच्याकडे जातं. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आजही घडतात. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला ही पार्श्वभूमी होती. मराठीत चेटकीण, डाकीण, भुताळी हे शब्द कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ते दुसऱ्याने लावायचे असतात. बाकीची नातलग मंडळी (हडळ, जखीण) तर माणसंच नव्हेत. आणि जखीण म्हणजे मूळची यक्षिणी, तिची ही गत आपण केली.

यावर तुमची मैत्रीण म्हणेल, ‘विच’ तरी इंग्रजीत कुठे चांगला शब्द होता? बरोबर आहे. युरोपात त्या आरोपाखाली साधारण चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बायका जास्त. विक्कन लोकांनी हा शब्द डाग माहीत असूनच उचलला. आपल्याकडे ‘दलित’ शब्द ज्यांचा होता त्यांनी ताठ मानेने वापरला, तेव्हा त्याचं वजन बदललं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण ते वजन बदलण्याचा हक्क त्यांचाच होता, बाहेरच्याचा नव्हे. इंग्रजीत ते काम विक्कन लोकांनी सत्तर वर्षं केलं आहे. मराठीत ‘चेटकीण’साठी ते कुणीच केलेलं नाही, त्यामुळे भाषांतरात नुसता डाग येतो, ताठ मान मागे राहते. भारतात असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. कोलकात्याच्या ईप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८०च्या दशकात स्वतःला जाहीरपणे ‘विच’ म्हणवून घेतलं. पण त्यांनीही शब्द घेतला तो इंग्रजी.

तेव्हा माझं मत सांगतो. लिहिताना ‘विक्कन’ लिहा. ती स्वतःला ‘विच’ म्हणाली हे सांगायचं असेल तर ‘ती स्वतःला विच म्हणवते’ असंच सांगा, म्हणजे शब्द तिचा आहे हे कळतं. एखादी मराठी विक्कन उद्या छातीठोकपणे ‘मी चेटकीण’ म्हणाली तर प्रश्नच मिटला. तोवर तिच्या वतीने आपण म्हणू नये.

विधींच्या शब्दांना मात्र मराठी कमी पडत नाही. दीक्षेला दीक्षाच. ‘कव्हन’ला (विधीसाठी एकत्र जमणाऱ्या विक्कनांच्या गटाला) एका भाषांतरात मी ‘चेटकिणींचा कळप’ वाचलं आहे, तेव्हापासून मला ‘मंडळी’ अधिकच आवडू लागला. ‘मंडळ’ही बरा, पण त्याला पावतीपुस्तकाचा वास येतो. विधीच्या आधी जमिनीवर वर्तुळ आखतात, ते ‘रिंगण’. मग पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चार दिशांना वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी यांना हाक घालतात. इथे आपल्याकडचा कुणीतरी जाणकार ‘दिग्बंध’ सुचवतो. शब्द देखणा आहे, पण आपल्या न्यासातला (पूजेआधी मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करण्याच्या विधीतला) दिग्बंध दिशा बांधून टाकतो, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. विक्कन दिशांना पाहुण्यांसारखं बोलावतात आणि विधी संपला की आभार मानून निरोप देतात. म्हणून ‘दिशांना आवाहन’ आणि शेवटी ‘विसर्जन’, ही गणपतीची जोडी इथे चपखल बसते. त्यांची दुधारी सुरी असते, ‘अथेमी’ नावाची. बहुधा काळ्या मुठीची, आणि तिने भाजीसुद्धा चिरायची नसते. तिला ‘कट्यार’ म्हणा. ‘मूठ’ शब्द मात्र जपून वापरा. जादूटोण्याच्या संदर्भात मूठ आली की मराठी माणसाला ती मारलेलीच दिसते.

त्यांचं मुख्य नीतिवचन ‘रीड’ म्हणून ओळखलं जातं, आणि त्याला हमखास ‘आज्ञा’ म्हटलं जातं. ‘रीड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत सल्ला. वडीलधाऱ्याने दिलेला, न मानल्यास कपाळमोक्ष न होणारा. ‘कुणाचं वाईट होत नसेल, तर मनाला येईल ते कर,’ एवढाच तो आहे.

सणांकडे येतो. वर्षात आठ, साधारण दीड-दीड महिन्याच्या अंतराने. या फेऱ्याला ‘वर्षचक्र’ म्हणावं. ‘ऋतुचक्र’ला दुसरा शारीरिक अर्थही आहे. चार सण सूर्याचे आहेत, आणि इथे आपली भाषा श्रीमंत आहे: वसंतसंपात, शरदसंपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस) आणि दोन अयनान्त (सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात मोठी रात्र). डिसेंबरच्या अयनान्ताचा सण ‘यूल’. त्याला मकरसंक्रांत म्हणायचा मोह आवरा. उत्तरायण खरं सुरू होतं २१-२२ डिसेंबरला. आपली संक्रांत आता १४-१५ जानेवारीला पडते, कारण आपलं पंचांग ताऱ्यांवरून राशी मोजतं आणि संपात हळूहळू मागे सरकतो. यूल म्हणजे थंडीतली सगळ्यात लांब रात्र. तिथे तिळगूळ आणलात तर तीन आठवडे उशीर झालेला असेल.

उरलेल्या चारांची नावं गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या भाषेच्या) वळणाची आहेत, आणि तिथे रोमन अक्षरं दगा देतात. ऑक्टोबरअखेरच्या सणाला (Samhain) मी स्वतः किती तरी वर्षं ‘सॅमहेन’ म्हणत होतो. एका आयरिश सहकाऱ्याने चहा खाली ठेवून मला थांबवलं. त्या भाषेत ‘म’पुढे ‘ह’ आला की त्याचा ‘व’ होतो; उच्चार ‘साविन’ किंवा ‘साउन’. वर तो म्हणाला, आमच्याकडे हे काही गूढ नाव नाही, नोव्हेंबर महिन्यालाच आम्ही तसं म्हणतो. खरंच, आयरिशमध्ये मे महिन्याचं नाव आणि ‘बेल्टेन’, ऑगस्टचं नाव आणि ‘लूनसा’ हे शब्द एकच आहेत. आपल्याला ‘श्रावण’ गूढ वाटत नाही, तसं. फेब्रुवारीच्या आरंभीचा चौथा सण ‘इम्बोल्क’. त्याच दिवशी आयर्लंडात संत ब्रिजिडचा सण असतो.

साविनची तारीख कुणी ३१ ऑक्टोबर लिहितं, कुणी १ नोव्हेंबर. भांडण्याचं कारण नाही. केल्टिक हिशेबात दिवस मावळतीला सुरू होतो, आपल्याकडे उगवतीला. म्हणून त्यांचा सण आदल्या संध्याकाळीच दारात येतो.

ऑगस्टच्या सणाचं दुसरं नाव ‘लॅमस’, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘ह्लाफ-मॅसे’, म्हणजे पावाची प्रार्थना: नव्या गव्हाचा पहिला पाव चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. हाच ‘ह्लाफ’ ‘लॉर्ड’ शब्दात लपला आहे. मूळ अर्थ ‘पावाचा राखणदार’. ‘लेडी’ म्हणजे ‘पावाचं पीठ मळणारी’. आपला ‘पोशिंदा’ आठवतो की नाही? लॅमसला मराठीत ‘नवान्न’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण नवान्न हे एका सणाचं नाव असलं तरी आधी ते एका कृतीचं नाव आहे. गोव्यात ख्रिस्ती लोक भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, आणि हिंदू घरांत नव्याची पंचम होते. धर्म बदलला तरी कणीस तेच, तेव्हा शब्द इंग्लंडपर्यंत ताणला तर तुटणार नाही.

हीच मोकळीक साविनला देता येत नाही. गेलेल्यांसाठी ताट मांडणं पाहून ‘सर्वपित्री’ ओठावर येते हे खरं. पण सर्वपित्री अमावास्येला बांधलेली, श्राद्धाला बांधलेली, कुळाला बांधलेली. तुमच्या मैत्रिणीच्या ताटावर कावळा शिवायची वाट कुणी पाहत नाही, आणि ते ताट शेजारच्या काकूंसाठी किंवा गेलेल्या मांजरासाठीही असू शकतं. ‘सर्वपित्रीसारखं’ म्हणा. त्या ‘सारखं’मध्ये जेवढं अंतर राहतं तेवढं राहू द्या.

शरदसंपाताला ‘माबोन’ म्हणतात. नाव वेल्श पुराणकथेतल्या एका पात्राचं, पण सणाला ते चिकटवलं १९७०च्या दशकात एका अमेरिकन विक्कनने. म्हणजे हा ‘प्राचीन’ सण, निदान नावापुरता, मुंबई दूरदर्शनच्या वयाचा. नवशिक्यांच्या पुस्तिकांत ‘हजारो वर्षांची माबोनची परंपरा’ असं दिसलं तर भाषांतरात तेवढा एक शब्द गाळायला माझी परवानगी आहे.

आणि ऑस्ट्रेलियातल्या कुणासाठी हे लिहीत असाल तर सगळ्या तारखा सहा महिन्यांनी फिरवा. तिथले बरेच विक्कन साविन एप्रिलअखेर करतात, कारण पानगळ तेव्हा असते.

तुम्ही पुरवणी विचारली आहे, ती म्हणजे विधीच्या शेवटी मैत्रीण म्हणते त्या ‘सो मोट इट बी’ला ‘तथास्तु’ चालेल का. अर्थाने चालेल, तोंडाने नाही. तथास्तु देणारा म्हणतो: देव, ऋषी, किंवा आपल्या आज्या सांगायच्या तशी घराची वास्तू. मागणाऱ्याने म्हणायचं ते ‘असंच होवो’.

आईंचा पुढचा फोन येईल तेव्हा एवढं सांगून पाहा: ‘आई, ती विक्कन आहे. त्यांच्यात ऑक्टोबरअखेर गेलेल्या माणसांसाठी पान मांडतात, आपल्या सर्वपित्रीसारखं. त्या दिवशी तिच्या आजीचं होतं.’ माझा अंदाज आहे, आई आधी विचारतील की पानावर काय काय वाढलं होतं.