पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी कमी खर्चात लाकडी लपण घरी कसे बांधावे?

आपला प्रश्न असा आहे की, पाणवठ्याच्या काठी बसून पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी एका माणसापुरते लाकडी लपण, म्हणजे आत लपून बसण्याचे खोके, स्वतःच्या हातांनी बांधायचे झाल्यास लाकूड किती लागेल आणि खर्च कोठे कमी करता येईल. मी अशी दोन लपणे बांधली आहेत. पहिले दुसऱ्या वर्षीच खालून कुजले, दुसरे अजून भक्कम उभे आहे. या दोन्हींच्या अनुभवावरून मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, भिंतींमध्ये हवी तेवढी काटकसर करावी. पाया, छप्पर आणि स्क्रू यांच्यात मात्र करू नये.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे लपणाचे माप आपल्या मनाने न ठरवता प्लायवूडच्या तावावरून ठरवणे. ताव ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो, म्हणून तळ ४ फूट बाय ४ फूट ठेवला की जवळजवळ काहीच वाया जात नाही. एक माणूस, एक खुर्ची आणि कॅमेऱ्याची तिपाई यांना तेवढी जागा पुरते. आत उभे राहण्याची गरज नसते, त्यामुळे पुढची बाजू साडेपाच फूट आणि मागची पाच फूट उंच पुरे होते. सहा इंचांच्या या फरकामुळे छपराला मागे उतार मिळतो आणि पागोळ्या खिडकीसमोर न गळता मागच्या बाजूला गळतात. ६ मिमी जाडीचा एक ताव मधोमध कापला की ४ बाय ४ फुटांचे दोन तुकडे मिळतात, म्हणजे चार भिंतींचा खालचा चार फुटांचा भाग दोन तावांत भागतो. त्यावरची फूट-दीड फुटाची पट्टी जुन्या फळ्यांनी किंवा जाड गोणपाटाने बंद करावी. भिंतींना १२ मिमी प्लायवूड वापरू नये; वजन दुप्पट होते आणि पक्ष्यांच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. ती जाडी लपणाच्या आतल्या जमिनीसाठी मात्र आवश्यक आहे. तिच्यासाठी १२ मिमीचा अर्धा ताव लागतो, आणि उरलेल्या अर्ध्या तावातून खिडकीखालची आडवी फळी व खिडक्यांची झाकणे निघतात.

सांगाड्यासाठी २ इंच बाय २ इंचाच्या रिपा घ्याव्यात. चार खांब, तळाशी, चार फुटांवर आणि माथ्यावर आडव्या रिपा, असा हिशेब केला तर सुमारे सत्तर फूट रिपा लागतात. या आतल्या जमिनीच्या प्लायवूडखाली २ बाय ४ इंचाचे चार तुकडे उभ्या कडेवर, मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांच्या अंतराने बसवले की १२ मिमी प्लायवूड माणसाच्या वजनाने लवत नाही. चौकट गुण्यात आहे की नाही हे पाहण्यासाठी महाग साधन लागत नाही: दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. ४ फुटांच्या चौरसाचा कर्ण ५ फूट ८ इंचांच्या किंचित आत येतो. प्लायवूड कडेने सर्वत्र स्क्रूने आवळले तर तेच चौकटीला तिरके होऊ देत नाही. पण भिंती सुट्या फळ्यांच्या करणार असाल, तर प्रत्येक भिंतीत एक तिरपी पट्टी घालणे अपरिहार्य आहे, कारण नुसती आयताकृती चौकट वाऱ्याच्या एका झोताने कलते.

फुकट किंवा अत्यल्प किमतीत मिळणारे लाकूड म्हणजे मालवाहतुकीची पॅलेट, म्हणजे माल रचण्याच्या लाकडी चौकटी. त्यांच्यावरचा शिक्का मात्र आधी वाचावा. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया केलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि काही अक्षरे असतात. त्यांत ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, म्हणजे त्याचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेला असतो, आणि ते निर्धास्त वापरता येते. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ज्या बंदिस्त खोक्यात आपण तासन्‌तास बसणार, तेथे असे लाकूड मी लावणार नाही. तेलाचे किंवा रसायनांचे डाग असलेली पॅलेटही सोडून द्यावीत. फळ्या हातोडीने उचकटू नयेत, कारण पॅलेटचे खिळे पिळाचे असतात आणि फळी टोकाला हमखास फाटते. फळी व तिच्याखालचे लाकूड यांच्या फटीत धातू कापण्याचे पाते घालून खिळाच कापावा. वेळ लागतो, पण फळी अखंड हाती येते.

आता पायाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले लपण येथेच गेले. मी खांब थेट मातीत पुरले होते. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की त्यात बुरशी वाढू लागते, आणि मातीत पुरलेले टोक तर कधीच सुकत नाही. शिवाय वाळवीला तो सरळ रस्ता मिळतो. लाकूड आपल्या कापलेल्या टोकातून जेवढे पाणी पिते तेवढे सपाट बाजूने पीत नाही, हेही मला तेव्हा माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी मी चारही कोपऱ्यांखाली सपाट दगड ठेवून संपूर्ण लपण जमिनीपासून चार इंच वर उचलले, खालून वारा खेळता ठेवला आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला रंगाचे तीन हात दिले. या कामाला जवळजवळ काहीच पैसे पडले नाहीत. मात्र दगडांवर नुसते ठेवलेले खोके हलके असते, म्हणून चारही कोपरे लोखंडी खुंट्यांना बांधून घ्यावेत. छपराला पन्हाळी पत्रा सर्वांत टिकाऊ. तो चारही बाजूंनी सहा इंच बाहेर काढावा, म्हणजे पाऊसही आत येत नाही आणि पुढच्या वळचणीची सावली खिडकीवर पडते.

खिळ्यांऐवजी गंज न चढणारे स्क्रू वापरावेत, आणि आधी बारीक छिद्र पाडून मगच ते बसवावेत. स्क्रूची लांबी जोडायच्या फळीच्या जाडीच्या अडीचपट असावी. लाकूड ऋतूनुसार फुगते व आकसते, तसे खिळे सैल होतात आणि माणूस जरा हलला की सांधे करकरतात. स्क्रू पुन्हा आवळता येतात. शिवाय जागा बदलायची झाल्यास चारही भिंती सुट्या करून नेता येतात.

खिडकी किती उंचीवर ठेवावी हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नये, माझ्याकडूनही नाही. सांगाडा उभा झाला की आपली नेहमीची खुर्ची आत ठेवावी, कॅमेरा तिपाईवर लावावा आणि भिंग जेथे येईल तेथे खूण करून मग कापावे. साधारण खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर येतात. पाण्याच्या कडेने चालणारे पक्षी आपले मुख्य विषय असतील, तर बुटके स्टूल घेऊन खिडकी आणखी खाली आणणे चांगले, कारण पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात त्याचा परिसर त्याच्या नजरेतून दिसतो. खिडकी आठ-नऊ इंच उंच आणि भिंतीच्या रुंदीभर लांब पुरते. तिला आतून गडद जाळीचा पडदा लावावा आणि भिंगापुरती फट ठेवावी.

लपण यशस्वी होते ते आतल्या अंधारामुळे, बाहेरच्या पानाफुलांच्या नक्षीमुळे नव्हे. समोरची खिडकी उघडी असताना पाठीमागे जरा जरी उजेड असला तरी आपली आकृती त्यावर काळी उमटते आणि तिची प्रत्येक हालचाल पक्ष्याला दिसते. म्हणून एका वेळी एकाच बाजूची खिडकी उघडावी, दाराच्या फटी कापडाने बुजवाव्यात, आतल्या भिंतींना चमक नसलेला काळा रंग द्यावा आणि स्वतःचे कपडेही गडद असू द्यावेत. बाहेरून मातकट किंवा झाडाच्या सालीसारखा निस्तेज रंग पुरे आहे. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या पेशी असतात, आपल्याला तीनच असतात, आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो; त्यामुळे आपल्याला बेमालूम वाटणारा रंग त्यांनाही तसाच वाटेल असे धरून चालू नये. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १९०० च्या सुमारास पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवून घेतला होता. मला त्यांच्या चिकाटीबद्दल फार आदर वाटतो, पण माझा स्वतःचा अनुभव असा की, लपण कशाचीही नक्कल करत नसले तरी चालते. ते एका जागी निश्चल असले की पक्षी त्याला परिसराचा भाग मानू लागतात.

आवाजाकडेही तितकेच लक्ष द्यावे. जमिनीवर जुनी सतरंजी अंथरावी, बिजागऱ्यांना तेल द्यावे, झाकण जेथे टेकते तेथे कापडाची पट्टी चिकटवावी. पडदे बंद करण्यासाठी चिकटपट्टी वापरू नये, ती उघडताना होणारा फर्रकन आवाज दूरवर जातो. छोटी लोहचुंबके उत्तम.

जागा निवडताना छायाचित्रणाच्या वेळी सूर्य पाठीशी राहील असे पाहावे, जमीन दुसऱ्याची असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि चालू घरट्याजवळ लपण कधीही मांडू नये. ते दूर उभे करून दररोज थोडे पुढे सरकवणे सर्वांत सौम्य. पण एवढे वजन रोज हलवणे शक्य नसते, म्हणून ते एकदाच, थोड्या अंतरावर उभे करून निदान आठवडाभर रिकामे ठेवावे. त्यानंतर पहाटे अंधार असतानाच आत शिरावे. उशीर झालाच तर सोबत एखाद्याला आणावे, दोघांनी मिळून आत जावे आणि त्याने एकट्याने परत निघून जावे. माणूस गेला असे समजून पक्षी बहुतेक वेळा लवकर परततात. ते अर्ध्या तासात परतले नाहीत किंवा सतत धोक्याचे आवाज काढत राहिले, तर त्या दिवशी बाहेर पडावे आणि लपण आणखी मागे न्यावे.