माझा भाऊ सौदीत ड्रायव्हर आहे, तीन आठवडे फोन बंद आहे. कोल्हापुरात बसून त्याला शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ घरगुती ड्रायव्हर म्हणून गेलाय, तीन आठवडे फोन बंद आहे, एजंट 'बघतो, बघतो' म्हणून ढकलतोय आणि पोलीस ठाण्यातून 'हे आमच्या हद्दीतलं नाही' म्हणत परत पाठवलंय. माझा मावसभाऊ दम्मामला असाच गायब झाला होता. शिरोली एमआयडीसीत वेल्डर होता, तिकडंही वेल्डर म्हणूनच गेलेला. तो सापडला आणि घरीही आला, म्हणून सांगतो.

कुणीतरी तिकडं जाऊन शोधायला पाहिजे, हे आधी डोक्यातून काढा. भाषा येत नसलेला माणूस रियाधच्या रस्त्यावर उभा राहून काय शोधणार? सौदीत माणूस नावावर सापडत नाही, नंबरावर सापडतो. आणि तो नंबर बहुतेक वेळा आपल्याच घरात कुठंतरी पडलेला असतो.

नंबर म्हणजे इकाम्याचा. इकामा हा तिथला राहण्याचा परवाना, त्याचा नंबर दहा आकडी आणि परदेशी माणसाचा असेल तर २ ने सुरू होणारा. दवाखाना, पोलीस, सिमकार्ड, घरी पैसे पाठवायचं दुकान, सगळीकडं तोच लागतो. नावाची मात्र वाट लागलेली असते. अरबीत 'प' नाही, त्यामुळं आपला पाटील तिथल्या कागदावर 'बातील' होतो आणि तिथून परत इंग्रजीत उतरताना लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. नुसतं नाव सांगून दवाखान्यांना फोन केलेत तर 'असा कोणी नाही' हेच उत्तर येईल, माणूस त्याच वॉर्डात झोपलेला असला तरी.

आम्हाला इकाम्याचा फोटो मावशीच्या मोबाइलमध्ये मिळाला. शुभ सकाळची फुलं आणि देवांचे फोटो सरकवत सरकवत खाली गेल्यावर एकदाचा दिसला. पोरानं कार्ड हातात आलं त्या दिवशी हौसेनं पाठवला होता, मावशीला ते बँकेचं कार्ड वाटलेलं. तुम्हीही घरातल्या प्रत्येकाचा फोन तसा चाळा. भावाच्या मित्रांचेसुद्धा. त्याबरोबर पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाचा कागद, करारपत्र, कफीलचं म्हणजे मालकाचं नाव आणि मोबाइल, तिकीट, आणि शेवटचे पैसे आले त्या नोंदीचं पासबुकाचं पान. पासपोर्टची प्रत घरात नसेल तर तिकीट काढून दिलेल्या ट्रॅव्हलवाल्याकडं असण्याची शक्यता आहे.

हे जमलं की परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका. २०१५ पासून हे चालू आहे, पैसे लागत नाहीत, नातेवाइकाला तक्रार करता येते. तक्रारीचा जो क्रमांक मिळतो तोच पुढं प्रत्येक ईमेलमध्ये पहिल्या ओळीत लिहायचा. तक्रारदार घरातला एकच ठेवा. काका एक, मेहुणे दुसरी, चुलतभाऊ तिसरी अशा तक्रारी टाकत बसले की एकाच माणसाच्या तीन फायली होतात आणि कुणालाच पूर्ण माहिती नसते. भाऊ रियाध, दम्माम किंवा कसीमकडं असेल तर प्रकरण रियाधच्या दूतावासाकडं जातं. जेद्दा, मक्का, मदिना, अभा, जिझानकडं असेल तर जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडं. शुक्रवार-शनिवार तिकडं सुट्टी. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा, फोन त्या हिशेबानं करा.

आता फोन बंद का असतो ते. घरचे लगेच वाईटावर जातात, पण 'हुरूब' हा शब्द कोल्हापुरात फारसा कुणी ऐकलेला नसतो. कामगार पळाला असं मालकानं सरकारदरबारी नोंदवलं की त्याला हुरूब लागला म्हणतात. मग इकामा असून नसल्यासारखा, आणि तपासणीत सापडला की रवानगी 'तरहील'मध्ये, म्हणजे परत पाठवण्याआधी डांबून ठेवतात तिथं. फोन काढून घेतलेला. माझ्या भावाचं हेच झालं होतं. पगार थकला म्हणून तो दुसरीकडं कामाला लागला आणि मालकानं हुरूब लावला. तुमचा भाऊ ड्रायव्हर आहे, त्यामुळं अपघाताचाही विचार करा. अपघातात कुणी दगावलं असेल तर भरपाईचा निकाल लागेपर्यंत ड्रायव्हर आत राहू शकतो. अटक झालेल्या परदेशी माणसानं मागणी केली तर त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवायचं, असं १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. पण मागणी केली तर! आपल्या पोराला हा हक्क माहीतच नसतो. म्हणून तक्रारीत नुसतं 'बेपत्ता आहे' लिहू नका. 'हुरूब लागलाय का, तरहील, तुरुंग किंवा दवाखान्यात या इकामा नंबराची नोंद आहे का, हे तपासावं' असं स्पष्ट लिहा.

पोलिसांचं म्हणाल तर हद्दीचा मुद्दा एजंटपाशी संपतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणं गुन्हा आहे, आणि नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर, नोंदणीकृत एजंटांच्या यादीत, त्याचं नाव आहे का बघा. नसेल तर त्यानं पैसे कोल्हापुरात घेतलेत, म्हणजे हद्द कोल्हापूरचीच. हा अर्ज आणि बेपत्ता असल्याचा अर्ज वेगवेगळे लिहा. ठाण्यात घेतले नाहीत तर कसबा बावडा रोडवर एसपी ऑफिसला द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एजंटचा आवाज बदलायला कधीकधी त्या शिक्क्याचा फोटो पुरतो. नोंदणीकृत एजंट असेल तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडंही, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, तक्रार करा. इंटरपोलची यलो नोटीस बेपत्ता माणसांसाठीच असते, ती पोलिसांमार्फत सीबीआयकडून निघते, पण ती सगळीकडून नकार आल्यावरची पायरी.

आपल्याकडं कुठल्याही कामाची सुरुवात नेत्याच्या बंगल्यावरून होते. खासदारांचं पत्र जरूर घ्या, उपयोग होतो, पण त्यात तक्रार क्रमांक, पासपोर्ट नंबर आणि इकामा नंबर नसेल तर ते पत्र नुसतं फोटो काढण्यापुरतं.

आमच्या तालमीतल्या पोरांनी चांगल्या मनानं भावाचा फोटो, पासपोर्टचं पान आणि मावशीचा नंबर व्हॉट्सअॅपवर फिरवला. त्याच आठवड्यात 'तुमचा मुलगा जेलमध्ये आहे, दोन लाख टाका, उद्या विमानात बसवतो' असा फोन आला. मावशी दागिने काढायला निघाली होती. अशा फोनला एकच सांगा, त्याच्याशी व्हिडिओवर बोलणं करून दे. खरोखर अडचणीत असलेल्या भारतीयाचं तिकीट, राहणं, कायदेशीर मदत यासाठी दूतावासांकडं २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यासाठी मधल्या माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत. तिथं धावपळ करणारी माणसं हवीत तर केरळच्या लोकांची केएमसीसी संघटना गाठा. तरहीलपर्यंत पोचायची वाट या लोकांना माहीत असते, आणि माणूस कुठल्या राज्याचा हे ते बघत बसत नाहीत.

इकामा नंबर मिळाला तर इथं टाकू नका. भाऊ कुठल्या शहरात होता आणि कफील घरमालक होता की कंपनी, एवढंच कमेंटमध्ये लिहा, तक्रारीचा मजकूर मी करून देतो.