छोट्या व्यवसायासाठी जीमेलचे मोफत खाते पुरेसे आहे का?

होय, एक-दोन माणसांनी चालवलेल्या दुकानासाठी किंवा घरगुती उद्योगासाठी जीमेलचे मोफत खाते पुरेसे आहे. मात्र ते आपल्या वैयक्तिक खात्यापासून वेगळे, व्यवसायाच्या नावाने उघडावे. कारण साधे आहे: उद्या पत्रव्यवहार भागीदाराकडे किंवा हिशेबनिसाकडे सोपवावा लागला, तर घरची पत्रे आणि फोटो त्याच्या हाती जात नाहीत. गूगलच्या नियमांनुसार पत्त्याचे नाव ६ ते ३० अक्षरांचे असावे लागते आणि त्यातील टिंबे मोजली जात नाहीत, म्हणून फोनवर सांगता येईल असे सरळ नाव निवडावे. जन्मसाल वगैरे जोडलेले पत्ते बिलावर शोभत नाहीत. खाते पुन्हा मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांक मालकाचाच द्यावा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर फोनवर होणारी दुसरी खात्री) सुरू करावी. जीएसटी नोंदणीत हाच पत्ता दिल्यास ओटीपीही त्यावरच येतात, तेव्हा नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या क्रमांकावर खाते अडकून पडणे परवडणारे नसते. साठवण १५ जीबी मिळते, पण ती ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह सामाईक असते; शिवाय दिवसाला साधारण ५०० पत्रांची मर्यादा असल्याने दिवाळीच्या शुभेच्छा सर्व ग्राहकांना एकदम धाडण्याचा बेत असेल, तर तो दोन-तीन दिवसांत विभागावा.

एक मर्यादा लक्षात घ्यावी: स्वतःच्या डोमेनचा पत्ता, म्हणजे @ नंतर gmail.com ऐवजी आपल्या व्यवसायाचे नाव असलेला पत्ता, या मोफत खात्यात मिळत नाही. त्यासाठी डोमेनचे वार्षिक शुल्क भरावेच लागते आणि गूगलची व्यावसायिक सेवा घेतल्यास तिचे पैसे वेगळे.