'रिदम अँड ब्लूज'ला 'तालप्रधान विषादगीत' म्हणावं का?

अमेरिकी संगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: 'ब्लूज'ला 'विषादगीत' आणि 'रिदम अँड ब्लूज'ला 'तालप्रधान विषादगीत' हे प्रतिशब्द चालतील का? आणि 'रॉक अँड रोल' यापेक्षा वेगळं ते काय?

माझं मत, दोन्ही प्रतिशब्द नकोत. 'विषादगीत' साफ चूक नाही, पण अर्धंच खरं आहे. मनाला ग्रासणाऱ्या उदासीला इंग्रजीत 'ब्लू डेव्हिल्स', म्हणजे निळी भुतं, म्हणत. 'ब्लूज' हे त्याचंच आखूड रूप. संगीताशी नातं जुळण्याच्या कितीतरी आधीपासून तो शब्द वापरात होता. गुलामीतून सुटलेल्यांना शिकवायला साऊथ कॅरोलिनात गेलेल्या शार्लट फोर्टन या कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या 1862च्या रोजनिशीत तो याच अर्थाने येतो. 1912मध्ये डब्ल्यू. सी. हँडी यांचं 'मेम्फिस ब्लूज' छापून आलं, तोवर मात्र 'ब्लूज' हे एका गानप्रकाराचं नाव होऊ लागलं होतं. त्याचा सर्वांत रुळलेला साचा असा: बारा मात्रागटांचं आवर्तन, एकच ओळ दोनदा, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर. या साच्यात दुःख बसतं तशी थट्टा, बढाई, वासना, मुकादमाला दिलेले टोमणेही बसतात. लावणीला सरसकट 'शृंगारगीत' म्हटलं तर जे हातातून निसटेल, तेच इथे 'विषादगीत' म्हटल्याने निसटतं.

'रिदम अँड ब्लूज'चं प्रकरण वेगळं आहे, कारण ते मुळात संगीताचं वर्णनच नाही. ते दुकानातल्या रकान्याचं नाव.

1920मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या 'क्रेझी ब्लूज'ची तबकडी धडाक्यात खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे मोजून तबकड्या घेतं, हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्यासाठीच्या मालाला 'रेस रेकॉर्ड्स' (रेस म्हणजे वंश) हे नाव पडलं. आज ते कानाला खटकतं. पण त्या काळी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं स्वतःच्या समाजाला अभिमानाने 'द रेस' म्हणत. (म्हणून इथे 'वांशिक तबकड्या' असं भाषांतर करू नका, वाचकाला ते शिवीसारखं वाटेल.) गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकाचा रकाना निराळा. जिमी रॉजर्स हा मिसिसिपीचा गोरा गायक 1927पासून 'ब्लू योडेल' गात होता (योडेल म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली फिरवत गाणं). त्यातली बरीचशी गाणी साच्याने चोख ब्लूज, पण विकली गेली ती गोऱ्यांच्या रकान्यात. 1930मध्ये त्याच्या एका तबकडीवर ट्रम्पेट वाजवलं लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझ वादकाने, आणि लेबलावर त्याचं नाव नव्हतं. सूर रकान्यांची पर्वा करत नव्हते, दुकान करत होतं.

संगीत व्यवसायाच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने जून 1949मध्ये लोकप्रिय तबकड्यांच्या आपल्या 'रेस' यादीचं नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. तिथे काम करणारे जेरी वेक्सलर यांनी हा शब्द सुचवला होता. पाटी सभ्य झाली, रकाना तोच राहिला.

आता 'रॉक अँड रोल'. 'रॉकिंग' आणि 'रोलिंग' हे शब्द कृष्णवर्णीयांच्या बोलीत दोन टोकांना नांदत होते: चर्चमध्ये भजनाच्या भरात अंगात आल्यागत डोलणं, आणि उघडउघड शय्यासुख. 1922मधल्या ट्रिक्सी स्मिथच्या गाण्याच्या नावात दोन्ही शब्द आहेत, आणि तिथे चर्चचा अर्थ मुळीच नाही! क्लीव्हलँडचे गोरे रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड 1951पासून रात्री 'मूनडॉग' नावाने रिदम अँड ब्लूजच लावत आणि त्याला 'रॉक अँड रोल' म्हणत. 1954मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथे 'मूनडॉग' याच नावाने वावरणाऱ्या एका अंध रस्ता-संगीतकाराने त्यांच्यावर दावा लावला. ते नाव सोडावं लागलं आणि 'रॉक अँड रोल' हेच कार्यक्रमाचं नाव झालं. गोऱ्या घरांतली पोरं हे संगीत ऐकू लागली ती या नव्या नावाखाली.

त्याच वर्षी मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून एल्विस प्रेस्लीची पहिली तबकडी निघाली. एका बाजूला आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचा ब्लूज, उलट बाजूला बिल मनरो या गोऱ्या गायकाचं ब्लूग्रास, म्हणजे गोऱ्या ग्रामीण भागातलं तंतुवाद्यांवरचं संगीत. रेडिओवर ती वाजल्यावर निवेदकाने एल्विसला, तू कोणत्या हायस्कूलचा, असं मुद्दाम विचारलं. शाळा वर्णानुसार वेगळ्या असल्याने 'ह्यूम्स' एवढ्या उत्तरावर श्रोत्यांना कळलं की गाणारा गोरा आहे. कानांना ते कळलं नसतं.

म्हणजे निदान 1954–55च्या सुमाराला या दोन नावांतला फरक सुरांपेक्षा गिऱ्हाइकात जास्त होता. पुढे रॉक इलेक्ट्रिक गिटारच्या जोरावर आपल्या वाटेने गेलं. ती गोष्ट निराळी.

तेव्हा भाषांतरात तिन्ही नावं देवनागरीत जशीच्या तशी ठेवा. 'ब्लूज' इंग्रजीत रूपाने अनेकवचनी असला तरी मराठीत एकवचनी पुल्लिंगी वापरावा: 'तिने ब्लूज गायला'. 'निळं संगीत' तर नकोच. मराठीत निळा म्हटलं की आधी कृष्ण आठवतो किंवा भीमजयंतीचा झेंडा, उदासी नव्हे. आणि मूळ लेखकाने ब्लूज हा शब्द मनःस्थितीसाठी वापरला असेल, तिथे साधं 'मन खिन्न झालं' लिहावं.