नुसत्या मीटरवर मजुरी सांगू नकोस

वायरिंगचा पाइप किती मीटर, एवढ्यावरून मजुरीचे दिवस सांगू नकोस. वेळ खातात ते बेंड, बॉक्स आणि झिऱ्या, म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडायच्या खाचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये सॅडलवर, म्हणजे पाइप भिंतीवर धरणाऱ्या पट्ट्यांवर, सरळ लाइन भराभर पुढे जाते. तेवढीच लाइन जुन्या दगडी वाड्यात कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणून आधी भिंत ठोकून बघ, मग खोलीगणिक पॉइंट आणि वळणं मोज. उंचावर काम असेल तर घोडा (उभं राहायची उंच चौकट) हलवायचा वेळ वेगळा धर. स्लॅबमध्ये पाइप टाकायचं काम मात्र आपल्या हातात नसतं: खालची सळई बांधून झाली की काँक्रीट पडेपर्यंतच सवड, तिथे माणसं वाढवूनच जा. आणि मे महिन्यात पत्र्याखाली पोरांना भरदुपारी राबवायचा हिशोब कधीच धरू नकोस. सोलापूरचं ऊन जीवावर बेततं. पहाटेच काम सुरू कर.