शॉट आंबट येतोय, मशीन बदलू का?

घरी एस्प्रेसो (दाबाच्या गरम पाण्याने काढलेली छोटी, कडक कॉफी, एकदा काढली की तो एक शॉट) काढणाऱ्यांनी आपापल्या अडचणी पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं होतं, त्यावर पत्रांचा ढीग आला आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत शेवटचं वाक्य एकच, मशीन चुकीचं घेतलं का. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझं मशीन १५ बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) आहे. १८ ग्रॅम पूड घालते, टॅम्परवर (पूड दाबायच्या ठोकळ्यावर) अक्षरशः उभी राहून जोर देते तरी १२ सेकंदात कप भरतो. चव आंबट आणि पाणचट. आता मोठं मशीन घ्यावं का?

नका घेऊ हो. १२ सेकंदात कप भरतोय म्हणजे पूड जाड पडतेय, बास. पाण्याला अडवणारं मशीनमध्ये दुसरं फारसं काही नसतं, जे काही अडवायचं ते त्या कॉफीच्या थराने, आणि थर किती अडवणार हे पूड किती बारीक त्यावर ठरतं. टॅम्पचं म्हणाल तर थर एकदा नीट दाबला गेला की पुढचा सगळा जोर फुकट, मनगट तेवढं दुखेल. सपाट दाबा आणि सोडून द्या.

आता करायचं काय, तर आधी छोटा वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा. आत १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, आणि पंप सुरू केल्यापासून साधारण २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करायची. कप काट्यावर ठेवूनच शॉट काढा कारण डोळ्याने अंदाज घेतला की क्रेमा, म्हणजे वरचा फेस, फसवतो, फेसामुळे कप भरलेला दिसतो आणि कॉफी असते अर्धीच. ३६ ग्रॅम १२ सेकंदातच आले तर ग्राइंडर एक घर बारीक करा, डोस, म्हणजे पुडीचं वजन, तोच ठेवा, टॅम्प तोच ठेवा, फक्त ग्राइंड बदला. लोक काय करतात, शॉट बिघडला की एकदम तीन गोष्टी बदलतात आणि मग सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही आणि बिघडला तर विचारूच नका. अजून एक, सेटिंग बदलल्यावर ग्राइंडरच्या आत जुनी पूड अडकलेली असते, ती पहिले दोनतीन ग्रॅम बाहेर येते, ती टाकून द्या. नाहीतर तुम्ही नव्या सेटिंगचा म्हणून जो शॉट पिताय त्यात थोडी जुन्या सेटिंगची पूडही असते.

आणि ते १५ बार. तो आकडा खोक्यावर छापण्यापुरता आहे असंच समजा, पंप जास्तीत जास्त किती रेटू शकतो एवढंच तो सांगतो. एस्प्रेसोला लागतात ९ च्या आसपास, त्यासाठी बऱ्याच मशीनमध्ये जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने पेटंट घेतलं ती मशीनं वाफेच्या जोरावर चालायची, तिथे प्रेशर दीडएक बारच्या आसपास आणि आपण क्रेमा म्हणतो तो प्रकारच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या गाजियाची लिव्हरवाली मशीनं आली, दांडा ओढायचा आणि स्प्रिंग पाणी दाबणार, तेव्हा कुठे कपावर तो सोनेरी थर दिसायला लागला. पंपाने ९ बार द्यायची पद्धत रुळली ती १९६१ च्या फाएमा ई-६१ या मशीननंतर. तेव्हा तुमच्या पंपात दम आहेच, पूड बारीक करा.

प्रश्न : बारीक केली, वजन करतो, तरी एक शॉट २८ सेकंदांचा आणि लगेच पुढचा १७ चा. बॉटमलेस पोर्टाफिल्टर (पूड भरून मशीनला लावायचा दांडा, खालून उघडा) आहे, त्यातून बारीक पिचकाऱ्या उडतात, शर्ट खराब.

हे चॅनलिंग. पाणी पक्कं आळशी असतं, थरात जिथे सैल जागा सापडेल तिथूनच धावणार, मग त्या वाटेवरची कॉफी पिळून कडू होते आणि बाजूची नुसती ओली होऊन राहते. म्हणून एकाच कपात आंबटही लागतं आणि कडूही. तुमच्याकडे बॉटमलेस आहे हे बरंच आहे, खालून बघा. चांगल्या शॉटमध्ये आधी बास्केटच्या (पूड भरायच्या जाळीच्या वाटीच्या) तळाला गडद थेंब सगळीकडे उमटतात, मग ते एकमेकांत मिसळून मधोमध एक जाडसर धार होते. चॅनल झालं असेल तर एखाद्या बाजूला लवकरच फिकट पिवळट ठिपका दिसेल आणि पिचकारी बहुतेक तिथूनच.

उपाय स्वस्त आहे. पूड बास्केटमध्ये पडली की तिच्यात गुठळ्या असतात, त्या बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळून मोडायच्या, याला डब्ल्यूडीटी म्हणतात. सुया ०.३-०.४ मिलिमीटर जाडीच्या हव्यात, टूथपिकने केलं तर गुठळी फुटण्याऐवजी बाजूला सरकते. मग टॅम्प अगदी सपाट, तिरका झाला की पातळ बाजूने पाणी पळालंच. टॅम्प केल्यावर पोर्टाफिल्टरच्या कडेला टकटक करायची सवय असेल तर सोडा, थर कडेने सुटतो. आणि बास्केट किती ग्रॅमचं आहे ते बघा, १८ च्या बास्केटमध्ये २१ कोंबले तर मशीनला लावतानाच वरची जाळी थराला घासते.

शॉटनंतर पक, म्हणजे वापरलेल्या पुडीची वडी, ओला चिकचिकीत निघतो म्हणून काळजी करणारीही पत्रं आली, त्याचं काही मनावर घेऊ नका, चव बघा.

प्रश्न : क्रेमा इतका दाट की साखर वर तरंगते, पण कॉफी बेचव. असं कसं?

क्रेमा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि त्यांना धरून ठेवलेले कॉफीचे अंश. रोबस्टा जातीची कॉफी असली की तो जास्त येतो, बीन्स अगदी ताजे भाजलेले असले की जास्त येतो, चवीचं प्रमाणपत्र नाही ते. तुमच्या बास्केटच्या तळाला जर सगळीकडे जाळी नसून एकच बारीक भोक असेल तर ते प्रेशराइज्ड बास्केट, त्यात तो फेस भोकातूनच तयार होतो, पूड कशीही असो. शिकायचं असेल तर साधं एकेरी जाळीचं बास्केट आणा. मात्र ते आणल्यावर पहिले काही शॉट भयंकर येतील कारण आता लपवायला काही उरलं नाही.

प्रश्न : पात्याचा ग्राइंडर चालेल का?

प्रेशराइज्ड बास्केट असेल तर ढकलून न्याल, नाहीतर नाही. पात्याने दळलं की थोडी धूळ आणि थोडे खडे असं एकत्र निघतं. पैसे मोजके असतील तर मशीन साधं घ्या आणि बर ग्राइंडर (पात्यांऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा) चांगला घ्या, हाताने फिरवायचा असला तरी चालेल, फक्त एस्प्रेसोइतकं बारीक जातो का आणि दोन घरांमधला फरक छोटा आहे का ते बघून घ्या.

प्रश्न : आंबट की कडू हेच मला कळत नाही. सगळे सांगतात आंबट असेल तर बारीक करा, कडू असेल तर जाड करा. पण मला दोन्ही सारखंच 'नको' वाटतं.

हा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण ही अडचण खूप जणांची असते आणि विचारत कोणी नाही. तीन कप घ्या आणि एकच शॉट कप सरकवत तिघांत काढा, साधारण दहा सेकंदांनी कप बदलायचा. पहिल्यात काकवीसारखं जाड, प्रचंड आंबट आणि थोडं खारट सुद्धा. मधल्यात गोडवा. शेवटच्यात फिकट, पातळ, जिभेच्या मागे रेंगाळणारं कडवट. तिन्ही चाखले की जीभ ओळखायला लागते, मग पुढचा शॉट पिताना 'हे पहिल्या कपासारखं लागतंय' असं आपोआप कळतं, आणि मग बारीक की जाड हे कोणाला विचारावं लागत नाही. थोडं गार होऊ द्या चाखायच्या आधी, कढत कॉफीत काही कळत नाही.

प्रश्न : लाइट रोस्ट (हलकं भाजलेले बीन्स) आणलंय. ३० सेकंद घेतले तरी आंबटच.

लाइट रोस्टमधून चव सुटायला वेळ लागतो, १८ ला ३६ वर अडून बसू नका, ४५ पर्यंत जाऊ द्या, कधी ५० सुद्धा. तापमान बदलता येत असेल तर ९४-९६ अंशांवर न्या. येत नसेल तर निदान मशीन भरपूर तापू द्या, दिवा लागला म्हणजे बॉयलर तापला, तो जड पोर्टाफिल्टर अजून गारच असतो, तो लावून ठेवूनच गरम करायचा. डार्क रोस्टला उलट, पाणी थोडं कमी तापलेलं आणि कपात थोडं कमी.

आणि भाजल्याची तारीख बघा. दोन दिवसांपूर्वी भाजलेलं असेल तर आत गॅस इतका असतो की शॉट फसफसतो, हफ्ताभर तरी थांबा, लाइटला दोन हफ्ते. मग जसजसे बीन्स जुने होतील तसतसा तोच शॉट भरभर यायला लागेल, तेव्हा ग्राइंडर बिघडला म्हणून घाबरू नका, जरासं बारीक करा.

प्रश्न : बॅकफ्लश (पाणी उलटं फिरवून आतली सफाई) प्रत्येक मशीनला करायचं का?

नाही. शॉट बंद केल्यावर मशीन सुस्कारा टाकून उरलेलं पाणी ट्रेमध्ये सोडत असेल तर त्यात थ्री-वे व्हॉल्व्ह आहे, त्याला करायचं, तळाला भोकं नसलेल्या बंद बास्केटमध्ये क्लीनर घालून आणि नंतर साध्या पाण्याने. तसं सोडत नसेल तर करू नका, पोर्टाफिल्टर काढताना अडकलेलं प्रेशर अंगावर उडेल. त्या मशीनची वरची जाळी स्क्रू काढून धुवा, तिच्या मागे जे काळं तेलकट साचलेलं दिसेल ते आजवर रोज तुमच्या कपात येत होतं.